कोंबडा बगलेत असताना केलेली सही

मालागुंदीच्या नगर न्यायालयात त्या सोमवारी सकाळी नऊ वाजता जो पुरावा हजर झाला, तो हजर झाल्या झाल्या आरवला.

"पुराव्याला गप्प करा," जज फेलिसितास मारालित म्हणाल्या.

क्लार्क देलियोने पुराव्याकडे पाहिलं. पुराव्याने देलियोकडे पाहिलं. देलियोची कोर्टात सव्वीस वर्षं नोकरी झाली होती. फुटक्या बाटल्या, रक्ताळलेले शर्ट, एकदा तर अख्खी होडी, असे सगळे पुरावे त्याने सांभाळले होते. पण आजवर एकाही पुराव्याने त्याला उलट चोच मारली नव्हती. या कोंबड्याच्या पायाला 'पुरावा क्रमांक एक' अशी चिठ्ठी बांधता बांधता त्याचा अंगठा फुटला होता आणि आता त्यावर मांडीवर बांधावी एवढी पट्टी होती.

"मॅडम, तो माझं ऐकत नाही," देलियो म्हणाला. "मी आता याच्याजवळ जाणार नाही. वाटलं तर बदली करा."

खटला साधा होता. वादी आर्तेमियो पान्सिपाने हा तीनचाकी चालवायचा. त्याचं म्हणणं, हा लाल कोंबडा त्याचा, नाव सेनेटर, आठ महिन्यांपूर्वी कुंपणावरून उडून गेला. प्रतिवादी लुझविमिंदा हिचं चौकात लोमीचं, म्हणजे दाट शेवयांच्या सुपाचं दुकान. तिचं म्हणणं, हा कोंबडा तिच्या परसातला, नाव बेबी बॉय. दोघांची घरं शेजारी. आर्तेमियोच्या मुलीची धर्ममाता लुझविमिंदाच, त्यामुळे आठ महिन्यांपूर्वीपर्यंत दोघं एकमेकांना प्रेमाने कुमपारे आणि कुमारे म्हणायची. अजूनही म्हणायची, फक्त दात चावून.

वस्तीच्या निवडून आलेल्या कॅप्टनने तीनदा समेट घडवून पाहिला. तिसऱ्यांदा त्याने बायबलातल्या राजाची युक्ती वापरली: कोंबडा कापा आणि अर्धा अर्धा वाटून घ्या. जो किंचाळेल तो खरा मालक, असा त्याचा हिशोब. पण दोघंही एकदमच किंचाळली, त्यामुळे खरा मालक कोण ते कळलं नाही, आणि शिवाय दोघंही कॅप्टनशी बोलेनाशी झाली.

"युअर ऑनर, याला अंड्यातून बाहेर येताना मी पाहिलंय," आर्तेमियो म्हणाला.

"आणि मी याला लोमीतली कलेजी घालून वाढवलाय!" लुझविमिंदा उभी राहिली.

"म्हणूनच तो असा फुगलाय, कुमारे. हा झुंजीचा गडी आहे, बिशप नाही."

"जीभ आवर, कुमपारे. तुझी पोरगी बाप्तिस्म्याला मी हातात धरली होती!"

"पोरगी परत दिलीस ना? मग कोंबडाही दे."

जजबाईंनी हातोडा आपटला. कोंबडा परत आरवला. त्याला ती कुणीतरी दिलेली साद वाटली असावी.

शेवटी असं ठरलं की वकिलांना पुरावा नीट बघता यावा म्हणून आर्तेमियोने त्याला पाच मिनिटं धरायचं, आणि पुरावा ताब्यात घेतल्याबद्दल नोंदवहीत सही करायची. आर्तेमियोने कोंबडा डाव्या बगलेत घेतला. बगलेत जाताच कोंबडा शांत झाला. आर्तेमियोने उजव्या हाताने सही केली आणि देलियोने लांबूनच, लाकडी फूटपट्टीने ढकलत, वही जजबाईंपुढे सरकवली.

जजबाईंनी वही पाहिली आणि आणखी जवळ ओढली.

सही सुरुवातीला सरळ होती. मग ती घसरगुंडीवर बसल्यासारखी खाली उतरत गेली होती. मधे बोटभर जागा कोरी. आणि शेवटचं अक्षर वर उडून गळासारखं वळलेलं.

"ही तुमचीच सही?"

"माझीच, युअर ऑनर. तुमच्यासमोर केली."

"दाव्यावरची सही अशी नाही."

"तेव्हा हात मोकळे होते. आता बगलेत कोंबडा आहे." आर्तेमियो असं बोलला, जणू पाऊस वरून खाली का पडतो ते समजावून देत होता. "कागद दाबायला दुसरा हात नसतो, म्हणून तो सरकतो. आणि हा दचकला की पेन उडतं. मधली ती जागा आहे ना, तिथे हा दचकला. बगलेत कोंबडा असला की सगळ्यांची सही अशीच होते."

मागच्या बाकांवर चाळीसेक माणसं बसली होती. सगळ्यांनी माना डोलावल्या. लुझविमिंदानेही डोलावली, आणि मग आपण शत्रूला दुजोरा दिला हे लक्षात येऊन ती थांबवली. सगळ्या मालागुंदीला ही गोष्ट माहीत होती. माहीत नव्हती ती फक्त कोर्टाला.

"कामकाज तहकूब," जजबाई म्हणाल्या. घड्याळात नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती.

*

पंधरा वर्षांपूर्वी याच खुर्चीत बसून जजबाईंनी एका माणसाला खोटारडा ठरवलं होतं.

त्याचं नाव क्रिस्पुलो दिमायुगा. गाव त्याला पुलो म्हणायचं. त्याचे वडील म्हातारपणी वारले, आणि पुलोने एक कागद पुढे केला: कॉफीची बाग वडिलांनी माझ्या नावे केली. थोरला भाऊ फोर्तुनातो म्हणाला, सही बनावट आहे. सही खरंच विचित्र होती. खाली घसरलेली, मधे तुटलेली, शेवटी गळासारखी वळलेली. म्हाताऱ्याच्या इतर सगळ्या सह्या शाळेच्या कित्त्यासारख्या सरळ होत्या.

पुलोने साक्षीत सांगितलं की वडिलांनी सही रविवारी झुंजीच्या आखाड्यावर केली, आणि त्या वेळी त्यांच्या बगलेत कोंबडा होता. खाली का नाही ठेवला? तर झुंजीआधी आपला कोंबडा जमिनीवर ठेवायचा नसतो आणि दुसऱ्याच्या हातात द्यायचा नसतो. नशीब तिकडे जातं. कुणी पाहिलं? दोघांनी. पहिला साक्षीदार मधल्या काळात वारला होता. दुसरा साक्षीदार खुद्द कोंबडा. तो त्याच दुपारी हरला आणि संध्याकाळी त्याचं सूप झालं.

यावर कोर्टात जे हसू झालं, त्यात जजबाईही हसल्या होत्या.

पुलोच्या वकिलाने अर्ज दिला होता की कोर्टाने मनिलाहून अक्षरतज्ज्ञ नेमावा. जजबाईंनी त्या अर्जावर एक ओळ लिहिली: 'न्यायालयाला डोळे आहेत.' ओळ त्यांना तेव्हा फार आवडली होती. कायद्याने ते चालतंही. जजने स्वतः दोन सह्या शेजारी ठेवून बघाव्यात, तज्ज्ञ नेमलाच पाहिजे असं नाही. मनिलाचा तज्ज्ञ यायचा आठ महिन्यांनी. फोर्तुनातोच्या वकिलाची हरकत होती. कपाटात तीनशे खटले पडून होते. शिवाय तज्ज्ञ नेमणं म्हणजे मला कळत नाही असं सही-शिक्क्यानिशी कबूल करणं, असं जिल्ह्यातले सगळे जज जेवताना म्हणायचे, आणि जेवताना जज सहसा खरं बोलतात. त्यात जजबाईंची आई शाळेत अक्षरवळण शिकवायची. लहानपणापासून घरात लोकांच्या सह्यांवरून लोकांचे स्वभाव ओळखले जायचे. हे सगळं खरं होतं. आणि त्या दिवशी डब्यात भरलेला बांगुस मासा होता, हेही खरं होतं.

निकालपत्रात त्यांनी लिहिलं: 'कोंबडा बगलेत असल्याने सही बदलली, ही कहाणी न्यायालयाच्या बुद्धीचा अपमान आहे. प्रतिवादीच्या कोणत्याही शब्दावर विश्वास ठेवता येत नाही.'

बाग फोर्तुनातोला गेली. त्याने ती विकली. आता तिथे जलक्रीडा केंद्र होतं, घसरगुंड्या आणि मधोमध सिमेंटचा एक निळा डॉल्फिन. कोर्टाची वार्षिक सहल दोनदा तिथेच गेली होती. जजबाईंनी डॉल्फिनच्या गळ्यात हात टाकून फोटो काढला होता, आणि तो त्यांच्या टेबलावर चौकटीत उभा होता.

*

देलियोने जुनी फाइल आणली. वाळवीने कडा खाल्ल्या होत्या, पण सही शाबूत होती. जजबाईंनी आजची वही तिच्या शेजारी ठेवली. घसरण तीच. मधली कोरी जागा तीच. गळही तोच.

मग त्यांनी त्या दिवसाचं कामकाज काढलं. स्टेनोने प्रामाणिकपणे लिहिलं होतं: '११.५२. न्यायालय दस्त पाहते. ११.५६. जेवणाची सुट्टी.'

चार मिनिटं. बांगुसचे काटे काढायला त्यांना याहून जास्त वेळ लागला असणार.

"एका सहीवरून ठरवायचं नाही," जजबाई स्वतःशीच म्हणाल्या. "आता तरी नाही. देलियो, आखाड्यावर सही कुठे करतात?"

"झुंजीआधी वहीत, मॅडम. कोंबडा बगलेत घेऊनच उभे असतात सगळे."

"ती वही आण."

देलियो दहा मिनिटांत परत आला. आखाडा कोर्टापासून दोनशे पावलांवर होता. गेली पंधरा वर्षं तो तिथेच होता, त्याआधीही तिथेच होता. वहीत आठशेच्या आसपास सह्या होत्या, आणि सगळ्या एकाच दारूच्या दुकानातून बाहेर पडल्यासारख्या उताराला लागलेल्या. जजबाईंनी एक एक सही बोटाने पाहिली. जेवणाची वेळ झाली, टळली, देलियोने दोनदा खोकून पाहिलं.

"मॅडम, मी एक बोलू?"

"नको."

"बरं." देलियोने वहीचं पान उलटून दिलं. मग म्हणाला, "मला तेव्हाच माहीत होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही हसत होतात, मॅडम. जज हसत असताना क्लार्कने काय सांगायचं? मीही हसलो."

जजबाईंनी डॉल्फिनचा फोटो पालथा घातला.

निकाल पंधरा वर्षं जुना होता. त्यावर अपील झालं नव्हतं, कारण तोवर पुलोकडे वकील उरला नव्हता. आता तो निकाल देवालाही बदलता आला नसता. देवाला मुदतीचा अर्ज द्यावा लागला असता. जजबाईंना करता येण्यासारखं काहीच नव्हतं, आणि हेच त्यांना सगळ्यात सोयीचं वाटलं, आणि सोयीचं वाटल्याची त्यांना लाज वाटली.

उरला होता तो कोंबडा. निदान त्याच्या बाबतीत त्यांनी ठरवलं, या वेळी स्वतःच्या डोळ्यांवर जायचं नाही. कोर्ट स्वतः तज्ज्ञ नेमेल.

"कोंबड्यासाठी?" देलियोच्या भुवया वर गेल्या. "मॅडम, बाहेर लोक हसतील."

"हसू देत. कोंबडा बघून तो कुणाच्या हातचा आहे, हे सांगू शकेल असा कोण आहे गावात?"

देलियोने अंगठ्याची पट्टी न्याहाळली. "आहे एक. झुंजीसाठी तुरा कुणी कापला, पिल्लू असताना बोटांमधल्या कातडीला मालकीची खूण कुणी केली, सगळं वाचतो. तुऱ्याचा काप म्हणजे सहीच असते, असं म्हणतात. आखाड्याच्या मागे खोपटात राहतो, जखमी कोंबडे शिवतो. पण तुम्हाला आवडणार नाही."

"नाव सांग."

"पुलो."

पंखा फिरत होता. जजबाईंनी पंख्याकडे पाहिलं, पण पंख्याला यातलं काही ठाऊक नव्हतं.

"कसा आहे तो?" त्यांनी विचारलं.

"बरा आहे. बायको हाँगकाँगला घरकामाला गेली, तिथेच राहिली. तसा चांगला माणूस. फक्त ती एक सवय लागली आहे."

"कसली?"

"त्याला काहीही विचारा, तो नीट उत्तर देतो आणि पुढे म्हणतो, 'पण खात्री करून घ्या, कोर्टाने सांगितलंय मी खोटा आहे.' किती वाजले विचारलं तरी. आधी लोक हसायचे. आता सवय झाली. पोरं मुद्दाम वेळ विचारायला जातात."

जजबाईंनी त्या संध्याकाळी तज्ज्ञ नेमल्याच्या आदेशावर सही केली. तज्ज्ञ म्हणून नाव घातलं प्रांताच्या सरकारी पशुवैद्याचं.

त्यांनी स्वतःला तीन कारणं सांगितली: तो पदवीधर आहे, तटस्थ आहे, सरकारी आहे. चौथं कारण त्यांनी स्वतःलाही सांगितलं नाही. पुलोला नेमायचं तर आधी भर कोर्टात त्याचा शब्द विश्वासाचा ठरवावा लागणार होता, आणि तो विश्वासाचा नाही असं ज्या जजने लिहिलं होतं, ती जज खुर्ची सोडून कुठे गेलेली नव्हती.

पशुवैद्य डुकरांचा होता. तो आला, कोंबड्याभोवती दोन फेऱ्या मारून गेला आणि अहवाल पाठवला: 'सदर पक्ष्याची तपासणी केली. सदर पक्षी कोंबडा आहे. तो नर आहे. डुकरांचे कोणतेही रोग आढळले नाहीत.'

देलियोने अहवाल मोठ्याने वाचला, शेवटची ओळ दोनदा, आणि फाइलला लावला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवा आदेश काढला. या वेळी नाव लिहिताना त्यांना तीन कागद फाडावे लागले.

*

पुलो कोर्टात आला तेव्हा त्याने पांढरा शर्ट घातला होता, गळ्यापर्यंत बटणं लावून. केस पांढरे झाले होते. तो साक्षीदाराच्या खुर्चीत बसला नाही, तिच्याजवळ उभा राहिला. मागच्या वेळी तो त्याच खुर्चीत बसला होता.

"तुमचं नाव?" जजबाईंनी विचारलं.

"क्रिस्पुलो दिमायुगा. पण खात्री करून घ्या, जज मॅडम. कोर्टाने सांगितलंय, मी खोटा आहे."

मागच्या बाकांवर कुणी हसलं नाही. हसायचं की नाही हे जजबाईंच्या तोंडाकडे बघून ठरवायची तिथे पद्धत होती.

लुझविमिंदाचे वकील अटर्नी कातिग्बाक उठले. पंधरा वर्षांपूर्वी फोर्तुनातोचे वकील तेच होते. तेव्हा केस काळे होते, आता रंगवलेले काळे होते.

"युअर ऑनर, या नेमणुकीला माझी सक्त हरकत आहे."

"कारण?"

"कारण याच न्यायालयाने दिलेला एक अप्रतिम निकाल." त्यांनी कागद उघडला आणि कविता म्हणावी तसे वाचू लागले. "'कोंबडा बगलेत असल्याने सही बदलली, ही कहाणी न्यायालयाच्या बुद्धीचा अपमान आहे. प्रतिवादीच्या कोणत्याही शब्दावर विश्वास ठेवता येत नाही.' कोणत्याही, युअर ऑनर. यात कोंबड्यांविषयीचे शब्दही आले. ज्याला कोर्टाने खोटा ठरवला, त्यालाच कोर्ट आपला तज्ज्ञ कसा नेमणार? भाषा तर इतकी स्पष्ट आहे की मी ती माझ्या ज्युनियरना शिकवतो."

जजबाईंचे कान तापले. हरकत मान्य करणं सोपं होतं. कायद्यात बसत होतं. पुलो घरी गेला असता, कोंबडा कुणाला तरी गेला असता, आणि डॉल्फिनचा फोटो महिनाभराने परत उभा करता आला असता. त्यांनी पुलोकडे पाहिलं. तो त्यांच्याकडे बघतच नव्हता. तो कोंबड्याकडे बघत होता, डोळे बारीक करून, मान एका बाजूला करून, आणि त्याचं काम केव्हाच सुरू झालं होतं.

"हरकत फेटाळली," जजबाई म्हणाल्या.

"कोणत्या आधारावर, युअर ऑनर?"

"तुम्ही जे वाचलंत ते मी लिहिलंय, अटर्नी. ते चुकीचं आहे."

स्टेनोची बोटं थांबली. अटर्नी कातिग्बाकांचा कागद हवेतच राहिला.

"युअर ऑनर, तो निकाल अंतिम झालाय."

"झालाय. बाग परत द्यायचा अधिकार मला उरलेला नाही. तिथे आता डॉल्फिन आहे. पण या माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा की नाही, हे आज या खटल्यापुरतं ठरवायचा अधिकार मला आहे, आणि मी ठरवलंय. तेव्हा तज्ज्ञ नेमायचा अर्ज आला होता. मी तो फेटाळला. सही मी चार मिनिटं पाहिली. दस्त खरा होता की नाही, हे मला आजही ठामपणे सांगता येणार नाही. मी कुणाला तपासूच दिलं नाही. पण हा माणूस खोटं बोलत होता, असं म्हणायला माझ्याकडे काहीही नव्हतं. तो जे सांगत होता ते सगळ्या गावाला माहीत होतं, आणि मी गावाला विचारलं नाही. नोंद घ्या."

स्टेनोने हळूच विचारलं, "मॅडम, हे सगळं घ्यायचं?"

"सगळं."

"डॉल्फिनसुद्धा?"

"डॉल्फिनसुद्धा."

कोर्टात कुणीतरी नाक शिंकरलं. आर्तेमियो होता, त्याला कशावरही रडू यायचं. लुझविमिंदाने न बघताच त्याच्याकडे रुमाल फेकला.

जजबाई पुलोकडे वळल्या. काहीतरी बोलायला हवं होतं. माफी मागायचा नमुना कोर्टाच्या कपाटात नव्हता. बाकी सगळ्या गोष्टींचे नमुने होते.

"मिस्टर दिमायुगा," त्या म्हणाल्या, "मी तुमचं…"

"या नोंदीची नक्कल मिळेल का?" पुलोने विचारलं.

"मिळेल."

"शिक्का मारून?"

"शिक्का मारून."

"तीन द्या. एक हाँगकाँगला पाठवायची आहे. एक भावाला. आणि एक चर्चच्या फळ्यावर लावायची, लग्नाच्या नोटिशींशेजारी. तिथे सगळे वाचतात." तो थांबला. "कोंबड्यासाठी किती वेळ आहे मला?"

"किती हवा?"

"दोन दिवस. सहीला चार मिनिटं पुरली असतील, जज मॅडम. पण कोंबडा अवघड असतो."

*

दोन दिवस पुलो कोर्टाच्या मागच्या आवारात कोंबड्यासोबत बसला. त्याने भिंग लावून तुरा पाहिला. बोटांमधली कातडी उन्हापुढे धरून पाहिली. आर्तेमियोला बोलावून शीळ घालायला लावली, लुझविमिंदाला बोलावून हाक मारायला लावली. कोंबडा दोघांकडेही गेला, आणि तिसऱ्यांदा देलियोकडे गेला, तेव्हा देलियो टेबलावर चढला. सगळं पुलो एका शाळकरी वहीत लिहीत होता. जजबाई खिडकीतून बघत होत्या, आणि पुलोने मान वर केली की फाइलमध्ये तोंड घालत होत्या.

तिसऱ्या दिवशी त्याने कोर्टात अहवाल वाचला. या वेळी तो खुर्चीत बसला.

"तुरा आर्तेमियोने कापलेला नाही. आर्तेमियो गवत कापल्यासारखा कापतो. हा काप साफ आहे. लुझविमिंदाच्या परसात कुणालाच कापता येत नाही. उजव्या पायाच्या कातडीत पिल्लूपणीची खूण आहे, म्हणजे जन्म नक्की एखाद्या पैदास करणाऱ्याकडे झाला. पण अशी खूण मी आजवर पाहिलेली नाही. कोंबडा दोघांनाही ओळखतो. कुणाचा आहे, ते मला माहीत नाही."

अटर्नी कातिग्बाक ताडकन उठले. "तज्ज्ञ आहात ना? आणि माहीत नाही?"

"माहीत नाही, एवढं नक्की माहीत आहे, अटर्नी. तेवढ्यालाच दोन दिवस लागले."

तो थांबला. सगळं कोर्ट पुढच्या वाक्याची वाट बघत होतं, खात्री करून घेण्याच्या, कोर्टाने सांगितल्याच्या. ते आलंच नाही. पुलोने वही मिटली.

'मला माहीत नाही.' जजबाईंनी ते तीन शब्द टिपणवहीत उतरवून घेतले. पंधरा वर्षांपूर्वी त्यांनी एवढंच लिहिलं असतं तरी पुरलं असतं. माशालाही उशीर झाला नसता.

निकाल त्यांनी तिथेच दिला. अंड्यातून बाहेर येताना पाहिल्याचं आर्तेमियोचं म्हणणं टिकत नव्हतं, वादीला कोंबडा आपला असल्याचं सिद्ध करता आलं नव्हतं, म्हणून कोंबडा आहे तिथेच, लुझविमिंदाकडे राहील. आर्तेमियो ओक्साबोक्शी रडला.

"रविवारी येऊन बघत जा, कुमपारे," लुझविमिंदा म्हणाली. "लोमी पण खाऊन जा. पण सेनेटर म्हणून हाक मारलीस तर याद राख."

उरल्या सह्या. अहवालावर तज्ज्ञाची, आदेशावर जजची. कोंबडा पुलोच्या बगलेत होता. पेन उचलता उचलता तो थांबला.

"नको," तो म्हणाला. "आमच्या घरात एकदा असं झालंय. धरा जरा, जज मॅडम."

आणि कुणाला काही कळायच्या आत त्याने कोंबडा जजबाईंच्या डाव्या बगलेत दिला. तो त्यांना वाटला होता त्याहून गरम होता, आणि त्याचं काळीज त्यांच्या बरगड्यांवर धडधडत होतं. पुलोने एका हाताने कागद दाबून सावकाश सही केली. सरळ, कित्त्यासारखी. मग आदेश जजबाईंपुढे सरकवला आणि हात मागे बांधून उभा राहिला.

"देलियो, याला घे."

"मॅडम, माझा अंगठा."

जजबाईंनी पुलोकडे पाहिलं. पुलो छताकडे बघत होता. त्यांनी पेन उचललं आणि सही करायला लागल्या. कागद सरकला. त्यांनी कोपराने दाबायचा प्रयत्न केला, तेवढ्यात कोंबडा दचकला, पेन उडालं, आणि शेवटचं अक्षर गळासारखं वळून समासात गेलं.

देलियोने आदेश उचलून डोळ्यांजवळ धरला. "मॅडम, ही तुमची सही वाटतच नाही. वरचं कोर्ट विचारील. दुसऱ्या कागदावर परत करता का? कोंबडा ठेवून?"

"राहू दे."

"पण कुणी बनावट म्हणालं तर?"

"तर त्यांना म्हणावं, तज्ज्ञ नेमा."

पुलोने हात पुढे केला. देलियोने कागद त्याला दिला. त्याने सही पाहिली, बराच वेळ पाहिली, चार मिनिटांहून नक्कीच जास्त.

"मधली जागा कमी पडली," शेवटी तो म्हणाला. "वडिलांची मोठी होती." मग त्याने आपल्या तीन नकला नीट घडी करून शर्टाच्या आत ठेवल्या आणि बाहेर निघून गेला. जजबाई तशाच उभ्या राहिल्या. बगलेतला कोंबडा कुणाला द्यायचा, हे त्यांनी निकालात स्पष्ट लिहिलं होतं, पण हात काही सुटत नव्हता.